पहिल्या हाकेला

सरोज बारा दिवसांची असताना तिच्या आईनं तिला कोपरीच्या रखमाबाईला विकलं. किंमत सूपभर कोंडा.

यात लपवाछपवी काही नव्हती. ठाण्याला तलावामागच्या आळीत त्यांचं घर होतं. वडील त्र्यंबकराव कोर्टात कारकून. सरोजच्या आधीची तिन्ही मुलं गेलेली. ज्या बाईला मूल लाभत नाही तिनं पुढचं मूल एखाद्या लेकुरवाळीला विकून टाकायचं, म्हणजे त्या घरावर ज्याची नजर आहे त्याला वाटावं की हे मूल इथलं नव्हेच. रखमाबाई मिठागरात कामाला जायची. तिचं एकही मूल दगावलं नव्हतं. तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहून पोर पदरात घेतली, आळीच्या टोकापर्यंत नेली, परत आणली आणि दारातून म्हणाली, "पोर माझी हाय, काकू. तुमचे घरान वाढाया ठेवलीय."

त्यानंतर तो कोंडा गाईला घालायचा असतो. सरोजच्या आईनं तो घातला नाही. पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवला. मुलीच्या लग्नाआधी हाच कोंडा रखमाबाईच्या पदरात परत टाकायचा, तिला साडीचोळी करायची आणि मुलगी परत घ्यायची, हे तिनं पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. दर उन्हाळ्यात मिरच्या-पापडांशेजारी तो कोंडाही अंगणात उन्हं खात पडायचा. छोटी सरोज विचारायची, "काकू, हे काय?"

"तुझ्या आईचं आहे. हात लावू नकोस."

सरोज तिच्या आईला काकूच म्हणायची, आणि तिचं ऐकून आम्हीही. काकू तिला हाक मारत नसत. काम असलं की तिच्यासमोर येऊन उभ्या राहायच्या. बाहेरचं कुणी म्हणालं, "मुलगी गोड आहे हो तुमची," की त्या लगेच म्हणायच्या, "आमची कुठली, कोपरीची आहे." न्हाऊमाखू घालणं, वेणीफणी, ताप आला की कपाळावर पट्ट्या, यात कुठं उणं नव्हतं. पण हे सगळं दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसं, नीट, वेळच्या वेळी. त्र्यंबकराव मात्र हे हसण्यावारी न्यायचे. सरोजला शाळेत घालताना आळीतल्या कुणीतरी विचारलं की मुलीच्या जातीला कशाला एवढं, तर म्हणाले, "परक्याची ठेव आहे हो. उद्या रखमाबाईनं विचारलं, माझ्या पोरीला अडाणी का ठेवलंत, तर कोर्टात कारकुनाचीच अब्रू जाईल."

सरोजच्या वाढदिवसाला रखमाबाई यायची. जाड्याभरड्या कापडाचं झबलं, पुढे परकर, पुढे चोळीचा खण, आणि पुरचुंडीत मीठ. त्या दिवशी पहिला कपडा तिनं आणलेलाच घालायचा. सरोजला आठवायचे ते तिचे पाय. मिठागरात उभं राहून राहून भेगांमध्ये पांढरं साठलेलं. ओटीवर ती बसायची तिथं ती गेल्यावर पांढरट ठसे उरायचे, आणि काकू ते लगेच पुसून काढायच्या नाहीत. संध्याकाळपर्यंत तसेच राहू द्यायच्या.

आणखी एक शिस्त त्या घरात होती. कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतं. जे माणूस नव्हे ते एकदाच मारतं, आणि जो ओ देतो त्याला घेऊन जातं. सरोज शाळेत यामुळे मार खायची. मास्तर हजेरी घेत, ही गप्प.

मला सरोज भेटली ती एकोणीसशे एकोणपन्नास साली, विद्यापीठात. मी तेव्हा कल्याणला माहेरी होते. दोघीही बी.ए. होऊन समाजशास्त्र घ्यायला गेलेल्या. आमच्या विमलाबाईंचा विषय होता बालपण, तारुण्य आणि घरातली नाती. त्या काळी हा विषय ऐकून लोक हसत. माझे काका म्हणाले होते, "आईबापांशी कसं वागावं हे शिकायला फी भरायची?" विमलाबाई स्वतः एकट्या राहणाऱ्या, खादी नेसणाऱ्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला एक प्रश्न घातला. लहानपणी भीती वाटली की तुम्ही कुणाला हाक मारत होतात? लिहा. आम्ही लिहू लागलो. कुणी आई, कुणी आजी, एकीनं मोलकरीण लिहिली. सरोजनं कोरा कागद दिला.

"काय झालं, घाबरला नाहीत कधी?" विमलाबाईंनी विचारलं.

"घाबरत होते," सरोज म्हणाली. "हाक नव्हते मारत."

त्या दिवशी परतीच्या वाटेवर तिनं मला कोंड्याची गोष्ट सांगितली. सांगताना ती हसत होती. मलाही हसू आलं. मग ती म्हणाली, "उत्तरा, मला बाकी काही नको गं. एकदा तिनं मला माझी म्हणावं. त्यासाठी मी हा विषय घेतलाय. अभ्यास करून तिला समजावून सांगेन की मुलं का गेली, कशानं गेली, आणि मी का नाही गेले. मग ती म्हणेल."

मला ते पटलं होतं. आम्हाला तेव्हा सगळंच समजावून सांगता येईल असं वाटायचं.

दुसऱ्या सहामाहीत पाहणी करायची होती. ठाण्याच्या आसपासच्या घरांत जायचं, आयांना ठरावीक प्रश्न विचारायचे. मुलं किती झाली, हयात किती, पहिलं दूध कधी, मारता का, जवळ घेता का. आम्ही दोघी जोडीनं फिरलो. बायका आधी लाजत, मग थांबतच नसत. विमलाबाईंनी बजावलं होतं की स्वतःच्या घराची पाहणी शेवटी करायची, आणि ती करताना आपण त्या घरचे नाही असं समजायचं. यावर सरोज म्हणाली, "मला समजावं लागणार नाही."

त्र्यंबकराव आदल्याच वर्षी वारले होते. घरात काकू आणि सरोज दोघीच. आम्ही गेलो तेव्हा काकू अळूची पानं पुसत होत्या. सरोज त्यांच्यासमोर पाटावर बसली, मी बाजूला. तिनं दुसऱ्या घरांत विचारायची त्याच आवाजात सुरुवात केली.

"आपलं वय?"

"पंचेचाळीस असेल." काकूंनी मान वर केली नाही.

"लग्नाला किती वर्षं झाली?" असं करत करत ती त्या प्रश्नाशी आली. "मुलं किती झाली?"

काकूंच्या हातातलं पान थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सरोजकडे नाही.

"तीन."

"हयात किती?"

"एकही नाही."

सरोजनं ते लिहून घेतलं. पुढचा प्रश्न मुलांच्या नावांचा होता. तो तिनं विचारला. काकू म्हणाल्या, "ती घरच्यांना सांगायची असतात," आणि पानाचा देठ सोलायला लागल्या. सरोजनं बाकीचे प्रश्नही विचारले, एकही न गाळता. मग उठून मागच्या अंगणात गेली. मी मागोमाग गेले. ती रडत असेल असं मला वाटलं होतं. ती तुळशीपलीकडे वाळक्या पानाकडे बघत होती. केळीचं पान होतं, जेवणाचं, कावळ्यांनी उष्टं केलेलं.

"परवा माझा वाढदिवस झाला," ती म्हणाली. "दर वाढदिवसाला ती इथं एक पान मांडते. तीनचार वर्षं झाली. सगळं वाढते, मीठ सोडून. कुणासाठी म्हणून विचारलं तर सांगत नाही."

"रखमाबाई येत नाही का आता?"

"पाय दुखतात म्हणे तिचे."

दुसऱ्या दिवशी आमचा फेरा कोपरीचा होता. स्टेशनच्या पलीकडे तेव्हा थोडी घरं, मग शेतं आणि मग खाडी. मिठागरांचे चौकोन उन्हात इतके चकाकत होते की डोळे बारीक करावे लागत. रखमाबाईचं घर विचारलं तर एका पोरानं थेट नेऊन सोडलं. दारात तिची सून हौसाबाई कोंबड्यांना हाकलत होती. मुलगा धाकू बाजेवर बसून पायाला तेल चोळत होता. सरोजनं नाव सांगितलं. हौसाबाईनं हातातली काठी खाली ठेवली.

"ठान्याची बाय?" तिनं सरोजचा चेहरा दोन्ही हातांनी धरला. "अगो, आता आलीस?"

रखमाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. खोकल्यानं गेली. धाकू म्हणाला, "आयनं लई वाट बघितली तुजी. मी सोता सांगाया आलतो ठान्याला. काकू दारात व्हत्या. सांगते म्हनाल्या."



"सारखी इचारायची, ठान्याची पोर आली का," हौसाबाई म्हणाली. "डोळं दाराकडं. तशीच गेली. मंग बायकांनी इचारलं, लेकी किती म्हातारीला. आमी तुला धरून सांगितलं. तिला तुजे नावाचं पानी पन घातलंय हो, काय राह्यलं नाय."

मी सरोजकडे बघितलं. जिथं जन्मली तिथं हिची मोजदाद नाही, आणि इथं एका मेलेल्या बाईच्या लेकींत हिचं नाव लागलेलं.

सरोजनं विचारलं, "वहिनी, तुम्ही मला परत देऊ शकता का? कोंडा आहे अजून. काकूंनी ठेवलाय."

हौसाबाईनं धाकूकडे बघितलं. मग म्हणाली, "मी कोन गो देनारी? घेतली ती सासूनं. तिचे पदरात पडाया पायजे. आता तिचा पदर कुठं शोधू?" आणि सरोजचा चेहरा बघून तिनं सूर बदलला. "जाऊ दे. तुला काय कमी हाय. दोन घरं हायत तुला. आमाला हे एकच, ते पन गळतंय."

धाकू हसला. सरोजही हसली थोडी. निघताना हौसाबाईनं तिच्या ओटीत तांदूळ आणि मिठाची पुरचुंडी घातली.

घरी येऊन तिनं ती पुरचुंडी काकूंच्या समोर ठेवली. काकूंनी ती ओळखली. 

"तुला तिकडे कुणी जायला सांगितलं होतं?"

"मला का नाही सांगितलंत? ती वाट बघत होती."

"म्हणूनच नाही सांगितलं," काकू म्हणाल्या. "तिनं तुला डोळे भरून पाहिलं असतं तर बरोबर घेऊन गेली असती. जिवंत होती तोवर तिचं असणं बरं होतं. आता ती जिथं आहे तिथली म्हणायचं का तुला? आणि माझी म्हणू तर कशी म्हणू, तिला कोंडा परत न करता? तूच सांग. एवढं शिकतेस ना."

 सरोजपाशी पुस्तकातली उत्तरं होती. तिनं ती नंतर सांगितलीही. घटसर्प म्हणजे काय, बाळंतिणीच्या खोलीत उजेड का हवा, नाळ कशानं कापावी. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "खरं असेल. पण ती गेली ना तिन्ही."

पुढच्या वर्षीही पान मांडलं गेलं. जन्मभर मिठात उभी राहिली, तिला मीठ कशाला वाढायचं, असं काकू म्हणाल्या. आता लपवायचं काही नव्हतं.

माझं लग्न झालं आणि मी वर्ष अर्धवट सोडून डोंबिवलीला आले. सरोजनं पुरं केलं. तिचा प्रबंध चांगला होता असं विमलाबाईंनी मला स्वतः सांगितलं. त्यात सगळी घरं होती, तिचंही. त्या घराखाली तिनं लिहिलं होतं, मुलं तीन, हयात नाही. घरात एक मुलगी वाढवली आहे. पुढे ती कल्याणला शाळेत शिकवू लागली आणि तिथल्याच गुरुदत्त मास्तरांशी तिचं लग्न झालं. लग्नात कन्यादानाला काकू बसल्या नाहीत. परत न घेतलेल्या मुलीचं दान कसं करायचं? चुलत मामांनी केलं. काकू मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, पाहुण्यासारख्या.

सरोजला दिवस गेले ते चौपन्न साली. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात सासूबाईंनी विचारलं, ठाण्याहून न्यायला कधी येणार. ठाण्याहून कुणी आलं नाही. गुरुदत्त स्वतः जाऊन आले. काकू त्यांना म्हणाल्या, "मी कशी नेऊ? तिचं माहेर कोपरीला." सासूबाईंनी मग दोन दिवस भिंतीशी बोलल्यासारखं बोलून दाखवलं, "आई असून अनाथ, असं आम्ही ऐकलं नव्हतं बाई कधी." सरोज भांडली नाही. तिनं मला निरोप पाठवला. मी जाऊन तिला माझ्याकडे डोंबिवलीला घेऊन आले.

आमचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. घर चाळीतलं, टोकाच्या दोन खोल्या, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे भातशेती. गावातली नर्सबाई अनुभवी होती. मी सरोजला सांगत होते की काही काळजी करू नकोस, आणि स्वतः रोज पाच वेळा नर्सबाईच्या दारात जात होते. सरोज शांत होती. फक्त एकदा म्हणाली, "मला स्वप्नात कुणीतरी पांढऱ्या पायांनी ओटीवर येऊन बसतं. बोलत नाही. नुसतं दाराकडं बघत असतं."

मी काकूंना पत्र टाकलं. येतील असं वाटलं नव्हतं. त्या आल्या. दुपारी, कळा सुरू झाल्यावर. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा आणि काखेत तो दुसरा, पत्र्याचा. आत आल्या नाहीत. व्हरांड्यात बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "रखमाबाईंच्या मुलीला बघायला आलेय."

चार वाजले असतील. कळा अडल्या होत्या. नर्सबाई दर थोड्या वेळानं बाहेर येऊन हात धुवायची आणि माझ्याकडे न बघता आत जायची. मी सरोजच्या उशाशी बसले होते. कुठलीही बाई अशा वेळी आई गं म्हणते. सरोज दात आवळून होती. ओठ फाटला तरी तिच्या तोंडून हाक येत नव्हती. नर्सबाई ओरडली, "अहो, ओरडा की. कुणाची लाज धरताय?"

दारातून मला व्हरांडा दिसत होता. काकू आमच्याकडे बघत नव्हत्या. त्या विहिरीच्या बाजूला बघत होत्या, शेतातल्या वाटेकडे. वाटेवर कुणी नव्हतं. त्या मात्र कुणी जवळ जवळ येत असल्यासारखी नजर हळूहळू अलीकडे आणत होत्या.

आणि सरोज ओरडली. "आई!"

उभ्या आयुष्यात तिनं ही हाक मारली नव्हती. ती कुणाला मारली हे तिला स्वतःलाही सांगता आलं नाही पुढे. मी तिला विचारलंय. पण काकूंना वाटलं ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. या नावानं त्या घरात एकाच बाईला ओळखत होते, आणि ती वाट बघत मेली होती. ती ओ देईल. ती ओ द्यायला दारापर्यंत आली आहे.

काकू उठल्या. दुसऱ्या हाकेची वाट त्यांनी बघितली नाही. ज्या बाईनं जन्मभर पहिल्या हाकेला कुणाला तोंड उघडू दिलं नाही, ती व्हरांड्यातूनच म्हणाली, "ओ. आले गं सरोज, आले. मी आहे. तुझी आई मी आहे." आणि आत येऊन त्यांनी सरोजचं डोकं मांडीवर घेतलं. ती सोडेना आणि ह्याही सोडेनात. थोड्याच वेळात मुलगी झाली. रडली चांगली मोठ्यानं.

मी बाहेर आले तर व्हरांड्यात पत्र्याचा डबा आडवा झाला होता. त्यात भुसा उरला होता, राखेसारखा. काकूंनी तो दुसऱ्या दिवशी विहिरीपलीकडच्या गाईपुढे नेऊन टाकला. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. काकू तिथंच उभ्या राहिल्या, तिनं जरासं चाटेपर्यंत.

मला वाटलं, झालं. सरोजला हवं होतं ते मिळालं. बारशापर्यंत मी तसंच समजत होते. सरोज बाळाला घेऊन आतल्या खाटेवर बसलेली, बाहेर चाळीतल्या बायका. त्यांतल्या एकीनं काकूंना विचारलं, "ही तुमची कोण हो?"

"माझी मुलगी," काकू म्हणाल्या. किती सहज म्हणाल्या. आतमध्ये सरोजनं माझा हात दाबला. आणि पाठोपाठ काकू म्हणाल्या, "चौथी."

"हो का? मग बाकीच्या कुठं दिल्यात?"

"पहिली प्रमोदिनी. मग रघु. तिसऱ्याचं नाव ठेवायचं राहून गेलं," काकू म्हणाल्या. "ही चौथी."

ती नावं सरोज पहिल्यांदाच ऐकत होती. ती घरच्यांना सांगायची असतात. तिनं माझा हात सोडला. बाळाला तिनं छातीशी इतकं घट्ट धरलं की ते किरकिरायला लागलं. सगळ्या बायका गेल्यावर ती मला म्हणाली, "उत्तरा, आता मी त्यांच्या रांगेत बसले गं."

मी म्हटलं, "असं काय बोलतेस? तूच ना आम्हाला शिकवलंस घटसर्प कशानं होतो ते?"

"शिकवलं," ती म्हणाली. "मला माहीत आहे सगळं. पण आत्तापर्यंत मला कुणीतरी राखत होतं. ते आता नाही."

काकूंनी ठाण्याचं घर सोडलं. त्या कल्याणला लेकीकडेच राहतात. गुरुदत्तांची आई बिचारी वैतागते, पण बोलत नाही. काकूंनी जेवढी माया आवरून धरली होती ती आता बाहेर आली आहे, आणि तिच्याबरोबर तेवढीच भीतीही. सरोज आता कॉलेजात शिकवते. तोच विषय, बालपण, तारुण्य आणि घरातली नाती. तिच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली काळा दोरा असतो. भर दुपारी तिला बाहेर पडू देत नाहीत. वाढदिवसाला ती कोपरीला जाते, गुपचूप, आणि हौसाबाईनं दिलेला खण घालून येते. हौसाबाई म्हणते, "परत घेतली ना तुला, मंग आता कनाला येतेस?" आणि तरी खण काढून ठेवलेला असतो.

काकू दिवसभर हाका मारतात. जिला कधी नावानं बोलावलं नाही तिला आता सारखं. सरोज. सरोज. काही काम नसतं. ती आहे ना एवढंच बघायचं असतं. आणि ओ यायला जरा उशीर झाला की म्हातारी धडपडत उठते, म्हणून सरोज पहिल्याच हाकेला ओ देते. बोलता बोलता, जेवता जेवता, विद्यार्थ्यांचे पेपर तपासता तपासता. तिचं तिला कळतही नाही.

मागच्या आठवड्यात मी मुलाला घेऊन तिच्याकडे गेले होते. मुलं बाहेर खेळत होती. काकू आतल्या खोलीत पलंगावर झोपलेल्या, दार उघडं, मला त्या दिसत होत्या. तोंड उघडं, श्वास संथ. सरोज मला तिच्या एका विद्यार्थिनीचं सांगत होती. वाक्याच्या मध्येच ती म्हणाली, "ओ, आले." आणि पुढचं बोलायला लागली. मग थांबली. तिनं वळून पलंगाकडे बघितलं. काकू झोपेतच होत्या. माजघरात आणखी कुणी नव्हतं. मी काहीच ऐकलं नव्हतं.

सरोजनं माझ्याकडे बघितलं. तिचं ते बघणं मी त्या दिवसापासून डोळ्यांपुढून काढू शकलेले नाही. आत्ता एवढ्या रात्री आत माझा मुलगा झोपेत कुशीवर वळला तरी मी लिहिताना दचकते आहे.

"हाक मारली ना आईनं?" तिनं विचारलं. "तूही ऐकलीस ना?"

मी म्हटलं, "हो. ऐकली की."